रात्री दहानंतर पणजीत गाणं कुठे ऐकायचं?

पणजीकर:
पणजी ताळगाव-पर्वरीपर्यंत पसरली, पण जेवणानंतर समोर बसून चांगला बँड ऐकावा अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. मांडवीत कॅसिनोंची जहाजं, किनाऱ्यावर डीजे. कला अकादमीत केसरबाई केरकर समारोह होतो, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव येतो; एरवी काय? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी जीव ओतला. आज इथल्या तरुण सॅक्सोफोनवाल्याला लग्नाच्या रिसेप्शनवर भागवावं लागतं. शहरात गाण्याबजावण्याची दहाची वेळ बारापर्यंत वाढवलीच पाहिजे.

वागातोरची सून:
पणजीकरबाब, डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी आमच्या वाड्यावर झोपून बघा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्याकडे खिडकीच्या काचा थरथरतात. पोलिसांची गाडी आली की आवाज उतरतो, वळली की चढतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे हो! कागदावर बारा झाले की प्रत्यक्षात पहाटेचे चार होणार.

पणजीकर:
बाय, तुमचा त्रास खराच आहे, पण तो उघड्यावरच्या सबवूफरचा. पन्नास माणसांच्या खोलीतल्या पियानोला आणि मांडोला, आमच्या कोंकणी गाण्याला, तीच शिक्षा का?

वागातोरची सून:
शिक्षा कुठे आहे? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच बंदिस्त सभागृहाला दहानंतर मुभा आहे, आवाज आतल्या आत राहिला की झालं. मग वेळ कशाला वाढवायची? भिंती जाड करा, दारं दुहेरी लावा. बासचा घुमारा साध्या भिंतीला जुमानत नाही, हे क्लबवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. खर्च नको म्हणून ते छप्पर उघडं ठेवतात.

फोंड्याचा नाटकवाला:
तुमच्या दोघांच्या भांडणात जत्रा कुणाला आठवतेय का? पालखी फिरून आल्यावर आमच्या नाटकाची नांदी होते, तोवर दहा कधीच वाजून गेलेले असतात. दशावतार तर पहाटेपर्यंतचाच. सरकारला वर्षातून १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. गोव्यातल्या जत्रा मोजा आणि सांगा कशा पुरणार! पार्ट्यांनी उच्छाद मांडला आणि माइक बंद झाला आमचा. सवलत द्यायचीच तर आधी देवळाच्या मांडाला, म्हणजे जत्रेतल्या खेळाच्या जागेला द्या.

वागातोरची सून:
जत्रा वर्षातून एकदा येते, गाव स्वतः जागतो. त्याला माझा विरोध नाही. क्लब रोज रात्री असतो.

म्हापशेकर:
बंदिस्त खोली म्हणताना जरा थांबा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबात आग लागून २५ माणसं गेली. ध्वनिरोधनासाठी फोम चिकटवायचा तर तो पेट घेणारा नको, आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवीच. परवाना देणाऱ्याने आत जाऊन दोन्ही दारं स्वतः उघडून पाहावीत.

पणजीकर:
या अटी मान्य. पण एवढा खर्च करून छोटा मालक बँडला काय देणार? त्यासाठी सरकारी रवींद्र भवनांतली लहान सभागृहं शुक्रवार-शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत स्थानिक वादकांना नाममात्र भाड्याने द्या. भिंती आहेत, दारं आहेत, खुर्च्याही आहेत. बारापर्यंतच्या वेळेचा माझा हट्ट मात्र कायम आहे.