मदत हवी आहे : सुरीनामची माहिती

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात महिन्याला एका देशाची ओळख करून देतो. यंदा माझ्या वाट्याला सुरीनाम आलाय. क्षेत्रफळाने दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात छोटा स्वतंत्र देश, वस्ती जेमतेम सहा लाख, नव्वद टक्क्यांहून जास्त भूभाग जंगल. 25 नोव्हेंबर 1975 ला नेदरलँड्सपासून स्वतंत्र झाला. बॉक्साइट, सोनं वगैरे जमवलंय, ते सोडा.

मला खरा रस आहे तो माणसांत. 5 जून 1873 ला 'लल्ला रूख' जहाज कोलकात्याहून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर घेऊन तिथे पोचलं. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. त्यांची सरनामी बोली आजही घरोघरी आहे, शाळा मात्र डचमध्ये. शिवाय जावाचे लोक, आफ्रिकी गुलामांचे वंशज, चिनी, मूळनिवासी. राजधानी पारामारिबोत सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि मशीद एकमेकांना खेटून उभ्या आहेत! फोटो बघून मी तर थक्कच झाले.

आता अडचण अशी, की रोजच्या जगण्यातलं काहीच हाती लागत नाही. हेगमध्ये सुरीनामी हिंदुस्थानी मंडळी भरपूर आहेत, तेव्हा नेदरलँड्समधल्या मराठी लोकांनो, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? घरात आजी नातवंडांशी कुठल्या भाषेत बोलते? फगवा, म्हणजे आपली होळी, कशी साजरी होते? चवळीच्या शेंगा आणि बटाटा घालून खातात त्या रोटीची कृतीही चालेल. कुणी तिथे जाऊन आलं असेल तर नदीतून होडीने आतल्या गावांना जाता येतं का, तेही सांगा.

इथेच लिहा किंवा मेसेज करा.