संमेलनाला एसटीनं, काळी-पिवळीनं नाहीतर फटफटीनं गेलेल्यांनो, या इकडं (अनुभव धागा)

गोदाकाठची
दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला तर उदगीरच्या साहित्य संमेलनातली कापडी पिशवी निघाली. आत कार्यक्रमपत्रिका, थोडीशीच लिहिलेली वही आणि तळाशी परतीचं एसटीचं तिकीट. तिकिटावर एक अक्षर दिसेना, नुसता पांढरा कागद. पण तो हातात घेतला आणि सगळं आठवत बसले, माळा राहिला तसाच.

एप्रिल 2022. काय दिवस होते आठवतंय ना? एसटीचा संप नोव्हेंबरपासून चाललेला. कोर्टानं कामगारांना 22 एप्रिलपर्यंत कामावर या म्हणून सांगितलेलं, आणि संमेलन नेमकं 22, 23, 24 ला. गाडी लागणार का, हे स्टँडवर कुणीच छातीठोक सांगेना. घरचे म्हणाले टॅक्सी करा. मी आणि माझी जाऊ, दोघी हट्टाला पेटलेल्या. नांदेडहून कंधारपर्यंत गाडी मिळाली, पुढं जळकोटपर्यंत काळी-पिवळी. मधल्या सीटवर चौघं, मागं समोरासमोर गुडघ्याला गुडघे, आणि ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला एक पोरगा अर्धा दाराबाहेर. माझ्या शेजारी एक म्हातारी, मांडीवर गाठोडं.

"कुठं निघालाव गं बायानो एवढ्या उन्हाचं?"
"उदगीरला, संमेलनाला."
"कुणाच्या घरचं?"
जाऊ म्हणाली, "सगळ्यांच्याच घरचं हाय आजी."
म्हातारीनं जरा इचार केला. "मग जेवण बी असंल की."

महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या मैदानावर पोचलो तोवर साडीची पार दशा झालेली. अध्यक्ष भारत सासणे होते, त्यांचं भाषण मन लावून ऐकलं. तरी घरी आल्यावर सांगितली ती म्हातारीचीच गोष्ट.

तुम्ही कसे गेलात? साहित्य संमेलन, शिक्षकांचं अधिवेशन, चर्चासत्र, कृषी मेळावा, काही चालेल. अट एकच, स्वतःची चारचाकी नको.

बालाघाटी
त्याच संमेलनाला आम्ही लातूरहून दोन गाड्यांवर चौघं. पहाटे निघालो कारण नऊनंतर त्या रस्त्यावर गाडी चालवायची म्हणजे शिक्षाच. पंचा भिजवून डोक्याला, त्यावर हेल्मेट. नळेगाव यायच्या आत पंचा खडखडीत वाळला! तिथं रसवंतीवर थांबलो, परत भिजवला, परत पुढं. दुपारी मंडपाबाहेर आलो तर गाडीच्या सीटवर बूड टेकवायची सोय नाही. बाटलीतलं पाणी सीटवर ओतलं, वाफ आली हो अक्षरशः.
पण गाडी हाताशी असल्याचा फायदा बघा. एका परिसंवादाला दांडी मारून किल्ल्यावर गेलो. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच गाठलं, आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत पानिपत. हे सगळं त्या तटाच्या सावलीत बसून बोलायला जी मजा आली ती मंडपात आली नसती. विद्रोही संमेलनपण त्याच वेळी उदगीरमध्येच भरलेलं, तिकडं पण चक्कर टाकली. दोन्हीकडचा चहा प्यालो. तिकडचा बरा होता.

सायंतारा
"कुणाच्या घरचं" हाहाहाहा. आजीला अध्यक्ष करा पुढच्या वेळी.

डबाकोच
लातूर रोडचं कुणीच कसं लिहिलं नाही अजून?
आमच्याकडं लातुरात एक चर्चासत्र होतं. बीजभाषक हैदराबादहून रेल्वेनं येणार. त्यांना आणायला मी, मोटारसायकल घेऊन, लातूर स्टेशनच्या बाहेर.
सर: मी बाहेर उभा आहे, पांढरा शर्ट.
मी: सर मी पण बाहेरच उभा आहे, हातात फुलं.
सर: इथे तर चहाची एक टपरी आहे फक्त.
तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सर उतरलेत लातूर रोडला! नावात लातूर असलं म्हणून काय, ते चाकूर तालुक्यात, शहरापासून तीस किलोमीटरच्या पुढं. बाहेरच्या माणसाला काय कळणार, मोबाईलवर दोन्ही लातूरच दिसतात. मी म्हणलं थांबा, येतो. सर म्हणाले, नको, एक गाडी आली आहे, कंडक्टर चला म्हणतायत. आले बिचारे एसटीत उभ्यानं. उद्घाटन तोवर रांगोळी आणि स्वागतगीतावर रेटलं. त्यांनी भाषणाची सुरुवातच केली, "संशोधनात संदर्भ पूर्ण वाचावा, स्टेशनच्या नावासकट." सभागृह जे हसलंय. फुलं मात्र सुकली.

गोदाकाठची
@डबाकोच देवमाणूस म्हणायचे. दुसरा असता तर मानधनाआधी टॅक्सीचं बिल दिलं असतं.

धाराशिवची_आक्का
आमच्या गावचं 2020 चं संमेलन विसरलात का लोकहो. जानेवारी, थंडी मस्त, फादर दिब्रिटो अध्यक्ष. मी गावातलीच, मला काय प्रवास? पण पाहुणे आणायची ड्युटी होती. स्टेशन आमचं गावाबाहेर, त्यामुळं रेल्वेनं आलेला माणूस आधी विचारतो, "गाव कुठाय?" तेही नशीबच म्हणा. नॅरोगेज होती तेव्हा गाडी येडशी-तेरवरून परस्पर जायची, जिल्ह्याचं गाव असून आम्हाला रेल्वे नव्हती. ब्रॉडगेज झाली तेव्हा कुठं आम्ही नकाशावर आलो.
पुण्याच्या एक बाई स्कूटीवर माझ्यामागं बसल्या, सगळ्या रस्त्याला विचारत होत्या, "हे शेत कशाचं? हे कशाचं?" ज्वारी, बाई ज्वारी. शेवटी हुरड्याला नेलं, मग गप्प झाल्या. पुढचं एक सत्र बुडालं त्यांचं, त्यांना काही दुःख दिसलं नाही.
परत जाताना बार्शीकडनं जाऊ नका, कुंथलगिरीवरनं जा आणि पेढा घ्या म्हणलं. त्यांची गाडी होती रेल्वेची. तरी विचारल्या, "थांबते का तिथे?"

मोंढ्यातला
कुंथलगिरीचा पेढा म्हणजे खवा नीट भाजलेला, जरा करपट रंगाचा. पांढरा पेढा देऊन कुंथलगिरी म्हणतात त्यांना विचारा आधी.

तुराटी
साहित्यातलं मला कळत नाही. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मेळाव्याचा माणूस. 18 मे म्हणजे विद्यापीठाचा वर्धापनदिन, खरिपाचा मेळावा असतो, बियाणं मिळतं. आणि 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा रबीचा. मे मध्ये ऊन मारतं, सप्टेंबरात चिखल.
आमच्या गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट. रात्री पाऊस झालेला. काळ्या मातीत मोटारसायकल घातली की शंभर पावलं नीट जाते. मग चाक आणि मडगार्डच्या मधी माती अशी बसते की चाकच फिरत नाही, इंजन ओरडतंय आणि गाडी जागेवर. उतरायचं, धुऱ्यावरची तुराटी मोडायची, ती घालून माती उकरायची. परत शंभर पावलं. शेवटी भाऊ म्हणला, मडगार्डच काढू. बारा नंबरचा पाना गाडीतच असतो. पुढचं मडगार्ड काढून त्याच्याच काखेत दिलं आणि निघालो. आता चाक फिरतंय पण सगळा चिखल तोंडावर. डांबरी लागली तेव्हा दोघांचे फक्त डोळे दिसत होते.
मेळाव्याच्या गेटवर एक कृषी सहायक म्हणला, "पेरणी करून आलाव का?"
ज्वारीचं बियाणं मिळालं. परत येताना वाट वाळलेली होती.

टीएबिल
पिशवीतलं तिकीट कोरं निघालं म्हणून हळहळू नका ताई. आम्हा प्राध्यापकांची तीच रड. मशीनचं तिकीट उष्णतेनं छापतात, शाई नसतेच. खिशात घाम लागला, पाकिटात उन्हात राहिलं की अक्षर उडालं. बिल मंजूर व्हायला लागतात महिने, तोवर तिकीट संन्यास घेतं. "यावर रक्कम दिसत नाही." मला पण दिसत नाही साहेब, तेव्हा दिसत होती.
उपाय: उतरल्या उतरल्या झेरॉक्स. स्टँडसमोर दुकान असतंच. एक झेरॉक्स बिलाला, एक स्वतःला.

तासिकेवरचा
@टीएबिल तुम्हाला निदान बिल तरी आहे सर. आम्ही तासिका तत्त्वावरचे. नोंदणी शुल्क खिशातून, तिकीट खिशातून, आणि गेलेल्या दिवसाचे तास पण बुडाले, त्याचे पैसे नाहीत. पेपर वाचल्याशिवाय मुलाखतीत कुणी विचारत नाही म्हणून जायचं. लॉजचं भाडं वाचवायचं म्हणून रातराणीनं निघायचं, पहाटे चार-साडेचारला उतरायचं, आणि उजाडेपर्यंत स्टँडच्या बाकड्यावर. बॅग उशाला, बूट बॅगेच्या पट्ट्याला बांधून. असा झोपलेला माणूस सकाळी दहाला इस्त्रीच्या शर्टात 'ग्रामीण साहित्यातील स्थलांतर' वर बोलतो, आणि समोर बारा जण, त्यातले दहा पुढचे वक्ते.
एकदा बाकड्यावर शेजारी एक ऊसतोडीचं कुटुंब बसलेलं, गाडीची वाट बघत. पोरगी म्हणाली, "काका तुम्ही पण कारखान्यावर का?" मी हो म्हणालो.

गोदाकाठची
दादा… काय लिहू यावर. पेपर कुठं छापून आला असेल तर इथं द्या, वाचेन मी.

टीएबिल
@तासिकेवरचा खरंय तुमचं. आम्ही पण आधी तेच दिवस काढलेत, पण आता ते संपतच नाहीत लोकांचे. संपर्क करा, आमच्या विभागाचं पुढचं चर्चासत्र आहे, शुल्क माफ करून घेतो, मुक्काम माझ्या घरी.

जुनापत्ता
चष्मा सापडेपर्यंत एवढे प्रतिसाद आले. माझे वय आता विचारू नका. 1995 चे परभणीचे संमेलन, अध्यक्ष नारायण सुर्वे. मानवतहून मित्राच्या एम-एटीवर डबलसीट. कोल्हा पाटीला दम खायला थांबलो तर अजून चार-पाच दुचाक्या संमेलनालाच निघालेल्या. ओळख ना पाळख, पण पुढे सगळे एका रांगेत गेलो. पाटीवरचा हॉटेलवाला विचारत होता, मोर्चा कशाचा आहे? सुर्वे येणार म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. तो गिरणीत होता म्हणे मुंबईला, संपानंतर गावी आलेला.
वडील माझे 1983 च्या अंबाजोगाईच्या संमेलनाला गेले होते, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष. अंबाजोगाईला रेल्वे नाही, तेव्हा घाटनांदूरला उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने. त्यांना मिळाला सरकीचा ट्रक. सरकीच्या पोत्यांवर बसून गेले, धोतराला आठवडाभर सरकीचा वास.

सायंतारा
काका, गिरणीवाल्याचं वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा ना.

जुनापत्ता
नातू मोबाईल मागतो आहे. उद्या.

बचतगटवाली
पटापट लिहिते, कुकर लावलाय. 17 मार्च 2023 पासून आम्हाला अर्धं तिकीट झालं आणि आमच्या गटाच्या बायका मेळाव्याला निघायला लागल्या. आधी सासूबाई विचारायच्या, एवढे पैसे घालून तिथं काय मिळतंय? आता स्वतः येतात. मागल्या वेळी संभाजीनगरला सगळ्या मिळून गेलो, अर्धी गाडी आमचीच. गाणी म्हणत. कंडक्टर म्हणला, मावशी, वरात का मेळावा, नीट सांगा.
पण एक गोष्ट कुणी लिहीत नाही ती लिहिते. बाई माणूस निघायच्या आधीपासून पाणी पीत नाही. संडास कुठं असेल, कसा असेल, दार लागेल का, ह्याचा हिशोब डोक्यात. मे महिन्यात चार तासांचा प्रवास आणि घोटभर पाणी. तिथं गेल्यावर मंडपात पाण्याचे जार भरलेले असतात, पण तिथंही मागं काय सोय आहे ते आधी बघून मगच ग्लास उचलायचा. पत्रिकेत सगळे पाहुणे छापतात, नकाशा छापा म्हणावं, त्यात हे दाखवा.
शिट्टी झाली. येते.

धाराशिवची_आक्का
शंभर टक्के. आमच्यावेळी मी हेच भांडून करून घेतलं होतं.

सायकलराव
जालन्याहून संभाजीनगर, साधारण साठ किलोमीटर. डॉक्टरांची परिषद होती, मोठ्या हॉटेलात. मी म्हणलं हृदयावर व्याख्यान ऐकायला सायकलवरच जावं. पहाटे निघालो, वेळेत पोचलो. गेटवर वॉचमन: "सायकल आत नाही, फक्त गाड्या." मी म्हणलं, प्रतिनिधी आहे. "प्रतिनिधी गाडीनं येतात साहेब." गळ्यात घालायचं ओळखपत्र आत, टेबलावर. ते मिळाल्याशिवाय आत सोडत नाही, आणि आत गेल्याशिवाय ते मिळत नाही. शेवटी एक औषध कंपनीचा पोरगा ओळखीचा निघाला. त्यानं सायकल त्यांच्या स्टॉलमागं लावली. दिवसभर लोक स्टॉलवर येऊन विचारत होते, लकी ड्रॉ आहे का?

बालाघाटी
@सायकलराव परत येताना पण सायकलच?

सायकलराव
परत येताना जेवण जास्त झालं होतं. सायकल टेम्पोत, मी पुढं ड्रायव्हरजवळ.

मोंढ्यातला
हृदयाचं व्याख्यान वाया गेलं म्हणायचं.

पिंपळपान
वाचतेय सकाळपासून. धागा भरकटवते, माफ करा. डब्यात काय न्यायचात तुम्ही सगळे? आमच्याकडं धपाटे आणि दह्यातली चटणी.

बचतगटवाली
धपाटे दोन दिवस टिकतात, तेच. चटणी कोरडी शेंगदाण्याची घ्या, दही नको, गळतं.

डबाकोच
डबा कशाला, लातुरात उतरा आणि सुशीला खा. मुरमुरे भिजवून पिळायचे, हळद, हिरवी मिरची, वरून शेंगदाणे. पोहे त्याच्यापुढं काहीच नाहीत.

सायंतारा
पोह्यांबद्दल वाईट बोलायचं नाही.

पिंपळपान
खरं तर मला विचारायचं हे होतं. उद्या विष्णुपुरीला, विद्यापीठात चर्चासत्र आहे, दहाचं उद्घाटन. नांदेड स्टेशनला सकाळी उतरेन. पुढं काय मिळेल?

गोदाकाठची
शेअर ऑटो मिळतात गं. विद्यापीठ गेट म्हणून सांग, आणि आतली इमारत कुठली ते आधी विचारून घे, परिसर फार मोठा आहे, चालून दमशील.

तासिकेवरचा
दहाचं म्हणजे साडेअकरा धरा. मी पण आहे उद्या तिथं, दुपारच्या सत्रात.

पिंपळपान
अरे वा! मग ऐकायला येते. तेरावी श्रोती.