कॅश आयसा दरवर्षी हलवायचा की आहे तिथेच पडू द्यायचा?

रेडिंगकर:
लोकहो, गेल्या शनिवारी माळ्यावरच्या फायली आवरताना २०१२ साली उघडलेल्या कॅश आयसाचा (ISA, म्हणजे ब्रिटनमधलं करमुक्त बचत खातं) कागद सापडला. तीन-चार वर्षं त्यात पैसे भरले आणि मग मुलं, घर, मॉर्गेज यांच्या गडबडीत विसरलो. लॉगिन करून पाहिलं. शिल्लक २३,४०० पौंड, व्याज १.१ टक्का. त्याच बँकेच्या पहिल्या पानावर नव्या गिऱ्हाइकाला ४.२ टक्के! म्हणजे वर्षाला सव्वासातशे पौंडांचा फटका. बायको म्हणाली, "टेस्कोत कोथिंबिरीची जुडी वीस पेन्सनी महागली तर घरी येईपर्यंत बडबडतोस, आणि हे?"

इथे नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. आयसा १९९९ पासून आहे. वर्षाला, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, २०,००० पौंडांपर्यंत भरता येतात आणि व्याजावर कर नाही. जुने भरलेले पैसे दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर केले तर ते या वर्षीच्या २०,००० मध्ये धरत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षाचा बोनस दर म्हणजे नव्याचे नऊ दिवस. तो संपला की आयसा उचलायचा आणि पुढच्या बँकेत न्यायचा, दरवर्षी. जो हलवत नाही तो बँकेला पोसतो. बोला.

क्रॉयडनचा कारकून:
तुमचे सव्वासातशे कळले, पण त्यात आयसाचं काय कौतुक? पैसे वाईट खात्यात पडले होते, एवढंच.

हिशेब करू. समजा साध्या बचत खात्याला ४.५ टक्के मिळतात. २३,४०० वर १,०५३ पौंड व्याज. २० टक्के कर भरणाऱ्याला २०१६ पासून वर्षाला १,००० पौंड व्याज माफ आहे. उरले ५३, त्यावर कर दहा पौंड साठ पेन्स. हातात १,०४२. तुमच्या ४.२ च्या आयसात मिळणार ९८३. म्हणजे करमाफीच्या नादात साठेक पौंड घालवायचे, वर दरवर्षी फॉर्म भरायचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

हॅरोच्या वहिनी:
कारकूनभाऊ, तुमचा हिशेब बरोबर, पण तो फक्त आजचा आणि फक्त २० टक्केवाल्याचा.

आमच्या घरातलंच सांगते. ह्यांचा पगार ४९,८००. साध्या खात्यात व्याज आलं ६००. बेरीज ५०,४००. चाळीस टक्क्यांची पायरी ५०,२७० ला. व्याज धरून ती पायरी ओलांडली की माफी हजाराची पाचशे होते. उरलेल्या शंभरावर ४० टक्के, म्हणजे चाळीस पौंड. रक्कम फार नाही हो, पण एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या करखात्याचं, तपकिरी पाकीट दारात पडलं तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयसातलं व्याज या बेरजेत येतच नाही. पगार वाढताहेत आणि पायऱ्या मात्र गोठवून ठेवल्यात. आज २० टक्क्यांत असलेला दोन वर्षांत चाळीसमध्ये जातो, आणि तेव्हा मागची पाच वर्षं आयसात मागे जाऊन भरता येत नाहीत. त्या त्या वर्षाची मर्यादा ५ एप्रिलला संपली की संपली.

आणि ज्यांचा पगार एक लाखाच्या आसपास आहे त्यांनी तर कान देऊन ऐका. आईबापांपैकी एकाचं उत्पन्न १,००,००० च्या वर गेलं की इंग्लंडात नोकरदार आईबापांसाठीचे नर्सरीचे मोफत तास बंद. पगार ९९,६०० आणि व्याज ६०० असलं तरी बंद.

क्रॉयडनचा कारकून:
मग दोनशे-तीनशे पौंड पेन्शनमध्ये टाका, बेरीज खाली येते. त्यासाठी आयसाची गरज नाही.

हॅरोच्या वहिनी:
टाकतोच. पण मार्चमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसायला लागू नये म्हणून आयसा.

मिल्टन कीन्सचा भिडू:
हलवा हलवा म्हणणाऱ्यांनी माझं ऐका आणि मग हलवा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे ३१,००० चा आयसा होता. दुसऱ्या बँकेत दर चांगला दिसला. जुन्या बँकेला फोन केला, तिथला मुलगा म्हणाला, "काढून घ्या आणि तिकडे भरा, लगेच होईल." झालंही लगेच! पैसे चालू खात्यात आले त्या क्षणी त्यांचं आयसापण गेलं. नव्या बँकेत त्या वर्षीचे म्हणून २०,०००च भरता आले. ११,००० बाहेर राहिले, आणि त्या वर्षी नवे पैसे भरायला जागाच उरली नाही. दहा मिनिटांच्या फोनमध्ये दहा वर्षांची जमवाजमव गेली. तेव्हापासून मी 'पडू द्या' पक्षात आहे.

रेडिंगकर:
वाईट झालं. पण मित्रा, तुझी चूक हलवण्यात नाही, काढण्यात आहे. पैशाला आपण हातच लावायचा नाही. नव्या बँकेत आयसा उघडायचा, तिचा ट्रान्सफर फॉर्म भरायचा, पैसे तीच मागवते. कॅशमधून कॅशमध्ये १५ कामाच्या दिवसांत व्हायला हवं. लग्नाची मुलगी पाठवतात तसं आहे, इकडच्यांनी तिकडच्यांच्या हातात हात द्यायचा, मधेच बस स्टॉपवर सोडून यायचं नाही.

हॅरोच्या वहिनी:
मुलीची उपमा नको होती, पण असो. 😀

लेस्टरचा लेखनिक:
थोडी भर घालतो, कारण मित्रमंडळींचे फॉर्म मीच भरून देतो.

फॉर्म परत येण्याचं माझ्या अनुभवातलं सगळ्यात मोठं कारण पत्ता. जुन्या बँकेच्या दप्तरी आपण अजून २०११ च्या भाड्याच्या फ्लॅटवरच राहत असतो. 'फ्लॅट ३' आणि '३ए' एवढ्या फरकानेही फॉर्म परत आलेला मी पाहिलाय. दुसरं म्हणजे नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत फक्त आद्याक्षर, लग्नानंतर आडनाव तिसरंच. आपल्या लोकांचं हे हमखास. आधी जुन्या बँकेत सगळं सरळ करा, मग फॉर्म.

जुनी बँक पैसे द्यायला नाही म्हणू शकत नाही, पण नवीनवर घेण्याचं बंधन नाही. पहिल्या पानावर मोठा दर दाखवतात आणि खाली बारीक अक्षरात 'ट्रान्सफर घेत नाही'. आणि जुना आयसा ठरावीक मुदतीचा असेल तर मधे हलवल्यास काही महिन्यांचं व्याज कापतात. तो मुदत संपली की त्याच आठवड्यात हलवा.

भिडूसाठी: काही आयसा 'फ्लेक्सिबल' असतात. त्यातून काढलेले पैसे त्याच वर्षात त्याच बँकेत परत भरता येतात. तुझा तसा असता आणि तू ५ एप्रिलच्या आत जुन्याच बँकेत परत नेले असतेस तर वाचला असतास.

मिल्टन कीन्सचा भिडू:
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. त्या फोनवरच्या मुलाने तरी.

वाकडचा एफडीवाला:
तुम्ही लोक चार टक्क्यांवर भांडताय! एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची भारतातली मुदत ठेव) करा. व्याज जास्त आणि करमुक्त. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

क्रॉयडनचा कारकून:
वहिनी आणि माझं एकमत होईल असा हा एकच मुद्दा दिसतो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. इथले रहिवासी असाल तर जगभरातलं व्याज एचएमआरसीला दाखवायचं. नवीन आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, पण तेव्हा १२,५७० ची वैयक्तिक सूट सोडावी लागते. आणि खात्यांची माहिती दोन्ही देश एकमेकांना आपोआप पाठवतात, तेव्हा 'कुणाला कळतंय' हे सोडा. रुपया घसरला तर वरचे दोन-तीन टक्के तिथेच गेले.

वाकडचा एफडीवाला:
मग उलटं सांगतो. मी भारतात परत आलोय. माझा आयसा अजून तिकडेच आहे. परदेशी राहायला गेल्यावर त्यात नवे पैसे भरता येत नाहीत, जुने ठेवता येतात. तिकडे करमुक्त, पण मी पूर्ण रहिवासी झाल्यापासून इथे त्याच व्याजावर कर भरतो, आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात आयसा दाखवतो. सीएने 'आयसा म्हणजे काय' हे मला तीनदा विचारलं. तेव्हा पाच वर्षांत परतायचं असेल तर करमाफीचं फार कौतुक नको.

हॅरोच्या वहिनी:
मुद्दा मान्य, 'पाच वर्षांत परतायचं' हे आम्ही २००६ पासून म्हणतोय.

आता एक घाईचं. अर्थमंत्री रेचल रीव्हज बाईंनी नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर केलंय की एप्रिल २०२७ पासून ६५ च्या आतल्यांना कॅश आयसात २०,००० ऐवजी १२,०००च भरता येतील. उरलेले शेअर्सच्या आयसात. शिवाय बाहेरच्या व्याजावरचा कर दोन टक्क्यांनी वाढतोय, २० चे २२, ४० चे ४२. कारकूनभाऊंचा दहा पौंड साठ पेन्सचा हिशेब तेव्हा पुन्हा मांडावा लागेल.

क्रॉयडनचा कारकून:
मांडला. अकरा पौंड सहासष्ट पेन्स. माझं मत बदललं नाही. चाळीस टक्केवाल्यांनी आयसा भरावा, जरूर भरावा. पण माझ्यासारख्या २० टक्केवाल्याने, २०-२५ हजार शिल्लक असताना, आधी दर बघावा, खात्याचं नाव नंतर.

लेस्टरचा लेखनिक:
सगळे आयसा एकत्र करणाऱ्यांनी एवढं बघा: बँक बुडाली तर हमी १ डिसेंबर २०२५ पासून माणशी १,२०,००० पौंडांची आहे, आधी ८५,००० होती. पण दोन वेगळ्या नावांच्या बँका एकाच परवान्यावर चालत असतील तर दोघींत मिळून एकच हमी.

रेडिंगकर:
अपडेट. काल रात्री नव्या बँकेचा फॉर्म भरायला बसलो. लेखनिकांचं वाचून आधी जुन्या बँकेतला पत्ता तपासला. स्लाऊ, फ्लॅट ७, दुकानाच्या वर. ते दुकान आता नाही, वरचा फ्लॅटही नाही, तिथे जिम आहे. पत्ता बदलायला ऑनलाइन सोय नाही, पासपोर्ट घेऊन शाखेत या म्हणतात, आणि रेडिंगमधली त्यांची शाखा बंद झालीय. मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी टाकलीय.

क्रॉयडनचा कारकून:
अर्ध्या दिवसाचा पगार हिशेबात धरा.