मदत हवी आहे: क्लाउनफिशच्या जोडीसोबत कोणते मासे ठेवू?

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहतो. घरी चार फुटी, साधारण २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. माशांना विषारी ठरणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर, पाण्याची विशिष्ट घनता (खारेपणाचं माप) १.०२५. उन्हाळ्यात पाणी ३१ अंशांवर जायला लागलं म्हणून चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतला (वीजबिलाचं विचारू नका).

समुद्रातून पकडलेले मासे आणायचे नाहीत, हे आधीच ठरवलंय. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात तयार झालेल्या क्लाउनफिशबद्दल वाचलं आणि तिथूनच डोक्यात किडा शिरला. सध्या ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी सुखात आहे.

आता बांगाई कार्डिनल मासे घ्यावेत म्हणतो. पण दोन नर एकत्र आले तर एक दुसऱ्याला जगू देत नाही म्हणतात, आणि पिल्लांत नर-मादी ओळखू येत नाही. मग एकच घेऊ, की चार-पाच घेऊन जोडी जमल्यावर बाकीचे कुणाला देऊ? सोबत जांभळा ऑर्किड डॉटीबॅक मासा चालेल, की रॉयल ग्रामा मासा जास्त शांत? भांडखोर मासा सगळ्यांत शेवटी सोडायचा एवढं माहीत आहे.

मुलीला पिवळा टँग मासा हवाय. तिला चार फुटांत तो कोंडेल हे कसं समजवायचं, तेही सांगा!