शब्दचर्चा: ओपन सोर्स ‘अडॉप्ट’ करणे म्हणजे वापर, अवलंब की अंगीकार?

प्रश्न
‘उद्योगक्षेत्राने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अडॉप्ट केलं’ या वाक्यातल्या ‘अडॉप्ट’ला मराठीत काय म्हणावं? एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. ‘वापर’ फार तोकडा वाटतो. ‘स्वीकार’ म्हटलं की कुणीतरी आणून दिलं आणि यांनी घेतलं, असा अर्थ होतो. ‘मुक्तस्रोत’ (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता येतो) हा शब्द रुळलेला आहे, त्याबद्दल शंका नाही.

प्रतिसाद
दत्तक घेणे. त्यात जबाबदारीही आली.

प्रतिसाद
‘दत्तक’ नको. दत्तकविधान झालं की मूल जन्मघराचं राहत नाही. लिनक्स (मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम) आयबीएमने घेतलं, गूगलने अँड्रॉइडसाठी घेतलं, तरी ते मूळ समुदायाकडे आहेच. सरकारी मराठीत ‘धोरणाचा अवलंब’ रूढ आहे, तोच घ्यावा.

प्रतिसाद
माझ्या मते एकच शब्द सगळीकडे लावू नये. इथे तीन वेगळ्या गोष्टी घडतात आणि मराठीत तिन्हींना शब्द आहेत.

कंपनीने सर्व्हरवर लिनक्स टाकलं, एवढंच घडलं असेल तर तो ‘वापर’. त्यात कमीपणा काही नाही.

‘अवलंब’ जरा जपून वापरावा. लंब् म्हणजे लोंबणे, टांगलेलं असणे. ‘अवलंबून’ त्याच कुळातला. बहुतेक उद्योगांची खरी स्थिती हा शब्द नेमकी सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) हार्टब्लीड हा दोष उघड झाला. बँका, दुकानं, ईमेल अशा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता या एका लायब्ररीवर टांगलेली होती, आणि तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. देणग्या यायच्या त्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी तिचा अवलंब केला होता, पण तिची काळजी कुणीच घेत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररीत गंभीर दोष सापडला, तेव्हा पुन्हा तेच दिसलं. जगभरच्या कंपन्यांची धावपळ उडाली आणि दुरुस्तीचा भार स्वयंसेवकांवर पडला. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, म्हणून शब्दांबाबत एवढा आग्रह.

‘अंगीकार’ म्हणजे आपल्या अंगाचा भाग करून घेणे. संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजी ‘अडॉप्ट’साठी मराठीत ‘अंगीकृत’ आहे, तो याच अर्थाने. २००१ या वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करणार असं आयबीएमने २००० च्या अखेरीस जाहीर केलं आणि आपले अभियंते त्याच्या गाभ्यावर कामाला लावले, हा अंगीकार. हार्टब्लीडनंतर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेने अशा दुर्लक्षित प्रकल्पांसाठी निधी उभारला, त्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनसारख्या कंपन्या आल्या. तिथे अवलंबाचा अंगीकार होऊ लागला, असं म्हणता येईल.

भारत सरकारचं २०१५ चं धोरण मात्र मुख्यतः खरेदी आणि निवडीबद्दल बोलतं: मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्या, तो डावलला तर कारण द्या. तिथे ‘अवलंब’च योग्य.

मूळ प्रश्नकर्ती
मग ‘वापर वाढला, अवलंब सार्वत्रिक झाला, अंगीकार मोजक्यांनी केला’ असं लिहिलं तर चालेल? आणखी एक. ‘फोर्क’ला (मूळ कोड घेऊन वेगळा चालवलेला प्रकल्प) काय म्हणू? ‘शाखा’ लिहिलं तर ‘ब्रँच’शी (त्याच प्रकल्पातली कामाची वेगळी प्रत) गोंधळ होतो.

प्रतिसाद
वाक्य उत्तम. क्रियापद हवं असेल तर ‘अंगीकारले’ सुटसुटीत आहे, ‘अंगीकार करण्यात आला’ टाळा.

‘फोर्क’ला ‘फाटा’ म्हणा. रस्त्याला फाटा फुटतो, तसाच प्रकल्पाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मुक्तस्रोत परवाना त्याच्या कंपनीने बदलला आणि काही दिवसांतच वाल्की हा फाटा फुटला. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल यांनी त्याला माणसं आणि बळ दिलं. तुमच्या लेखात हे ‘अंगीकारा’चं ताजं उदाहरण म्हणूनही बसेल. फक्त ‘फाटा फुटणे’ किंवा ‘फाटा काढणे’ लिहा. ‘फाटा दिला’ लिहिलंत तर वगळलं, असा उलटाच अर्थ होईल.