मदत हवी आहे: दोन रात्री उभी राहिली की बॅटरी उतरते

खटारा९६:
कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल गाडी. बॅटरी ४५ एएच (अँपिअर-तास), चार महिन्यांपूर्वी नवीन घातलेली. रोज चालवली तर तक्रार नाही. दोन रात्री उभी राहिली की सेल्फ नुसता टिकटिक करतो. चार्ज करून टर्मिनल काढून ठेवली तर आठवड्याने १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक असावी. इंजिन चालू असताना १४.२. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला. १४.२ येत असताना का बदलायचा? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे.

ग्लासफ्यूज:
१४.२ वरून एवढंच कळतं की चार्जिंग होतंय. उभ्या गाडीत करंट कुठे जातोय ते वेगळं मोजावं लागतं. चावी काढा, दारं लावा, बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये मीटर लावा. तो लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज लगेच उडेल. अशा गाडीत घड्याळ आणि रेडिओची मेमरी सोडली तर काही जागं नसतं. आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली हवा.

खटारा९६:
०.३८.

ग्लासफ्यूज:
दोन दिवसांत १८ एएच गेले की! ५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ घेतो, म्हणून पहिला संशय डिकी आणि ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्यावर. झाकण लावल्यावर तो विझतो का हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून आत ठेवा आणि झाकण लावा. दिवे निर्दोष निघाले तर एकेक फ्यूज काढत मीटरकडे बघा.

खटारा९६:
दोन्ही दिवे विझतात. सगळे फ्यूज काढले, आकडा हलला नाही.

तांब्याची_तार:
मग फ्यूज बॉक्सचा नाद सोडा. फ्यूज बॉक्सला वळसा घालून जाणाऱ्या वायरी मोजक्याच: सेल्फची जाड केबल, इग्निशन स्विचची मेन वायर आणि अल्टरनेटरची बी प्लस, म्हणजे त्याच्याकडून बॅटरीच्या प्लसकडे जाणारी वायर. आधी बी प्लस तपासा. बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरू नये हे काम आतल्या डायोडचं, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात. सहांपैकी एक गळका झाला तरी बाकीचे चार्जिंग निभावून नेतात, म्हणून १४.२ दिसत राहतं.

निगेटिव्ह केबल पूर्ण काढा आणि मगच पाना लावा. बी प्लसवर गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या आणि भाजलेला हात. नट सोडवा, वायरच्या रिंगला इन्सुलेशन टेप गुंडाळा, परत मोजा. वायर सुटी असताना इंजिन सुरू करायचं नाही.

खटारा९६:
०.०२! म्हणजे मेकॅनिक बरोबर होता?

तांब्याची_तार:
अर्धा. अख्खा अल्टरनेटर टाकायची गरज नाही, डायोड प्लेट (सगळे डायोड बसवलेली पट्टी) वेगळी मिळते का बघा. उघडल्यावर मीटरच्या डायोड रेंजवर विसंबू नका, ती जेमतेम दोन-तीन व्होल्ट लावते आणि तेवढ्यावर गळका डायोडही शहाण्यासारखा वागतो. स्टेटरच्या (आतल्या न फिरणाऱ्या वेटोळ्यांच्या) वायरी प्लेटपासून सोडवा, १२ व्होल्ट आणि ५ वॅटचा बल्ब सीरिजमध्ये घेऊन प्रत्येक डायोड उलटसुलट तपासा. उलट्या दिशेने बल्बची तार नुसती लालसर झाली तरी तो गेला. एकच डायोड बदलू नका, बाकीच्यांनीही तेवढीच उष्णता खाल्लेली असते. उघडलंच आहे तर ब्रशची लांबीही बघून घ्या.

तोवर रात्री निगेटिव्ह काढून ठेवा आणि उतरलेली बॅटरी चार्जरवर ४ ते ४.५ अँपिअरने भरा. गळक्या डायोडच्या अल्टरनेटरकडून रिकामी बॅटरी भरून घेतली तर उरलेले डायोडही तापून जातील.