पुढचा आठवडा पिवळा इशारा: सोयाबीन काढावं का थांबावं?

मृगधारा (औसा तालुका)

नमस्कार. आमचं तीन एकर सोयाबीन आहे, फुले संगम वाणाचं. दोन एकर माळाला, एक एकर ओढ्याकाठी. पेरणी २५ जूनची. माळावरच्याची पानं गळालीत, शेंगा तपकिरी झाल्यात, झाड हलवलं की दाणे खुळखुळतात. ओढ्याकाठचं अजून हिरवट आहे, त्याला आठेक दिवस लागतील.

आज शनिवार. हवामान खात्याने मराठवाड्याला सोमवार ते बुधवार पिवळा इशारा दिलाय, ‘तुरळक ठिकाणी विजांसह हलका ते मध्यम पाऊस’. गुरुवारपासून कोरडं. मोबाईलवर मंगळवारी ८० टक्के पाऊस दिसतोय. आणि गावच्या ग्रुपवर कुणीतरी ‘चार दिवस अतिवृष्टी’ असा मेसेज टाकलाय. यातलं खरं कोणतं धरायचं?

काढणीची टोळी सोमवार-मंगळवारच मोकळी आहे. ते दोन दिवस सोडले तर पुढे दहा-बारा दिवस माणसं मिळणार नाहीत. मालक नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात, शेत मी आणि सासूबाई बघतो.

दोन वर्षांपूर्वी असाच ‘उघडीप राहील’ हा फिरता मेसेज वाचून सगळं एकदम काढलं आणि वाळायला रानातच पसरून ठेवलं. दुसऱ्या रात्री पाऊस आला, दोन दिवस हटला नाही. खालच्या शेंगांना मोड फुटले, दाणा काळा पडला, अडतीवर भाव पाडून घेतला. त्या वर्षी हरभऱ्याचं बियाणं उसनवारीवर आणलं. तेव्हापासून पूर्वेला ढग दिसले की मला झोप लागत नाही. जाणत्यांनी सांगावं.

पर्जन्यमापक (लातूर)

ताई, आधी शब्द समजून घ्या. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बहुतांश’ म्हणजे ७५ च्या वर. म्हणजे चार शिवारांतल्या फार तर एकाला लागेल, तिघांना नाही, आणि तो एक कोण हे आज कुणीच सांगू शकत नाही. ‘मध्यम’ म्हणजे दिवसाला ६४.४ मिलिमीटरपर्यंत. महसूल खातं अतिवृष्टी धरतं ती ६५ मिलिमीटरपासून. पिवळा रंग ‘लक्ष ठेवा’ एवढंच सांगतो, ग्रुपवरच्या मेसेजला त्यात कसलाच आधार नाही.

मोबाईलवरचे ८० टक्के ही पाऊस होण्याची शक्यता आहे. किती पडेल ते त्यात नसतं.

तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं आहे ते पावसाची वेळ. परतीच्या पावसाच्या काळात वारं पूर्वेकडून फिरतं, बंगालच्या उपसागरावरची ओल आपल्याकडे येते, आणि दिवसा ऊन कडक पडतं. सकाळ निरभ्र असते, दुपारी दोननंतर ढगांचे मनोरे चढायला लागतात, चार ते आठच्या दरम्यान कोसळतात. त्यामुळे सकाळचे सहा-सात तास बहुधा तुमच्या हातात असतात. मात्र उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र होऊन ते तेलंगणाकडून आपल्याकडे सरकलं, तर हे गणित मोडतं आणि रात्रभर झड लागते. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे रात्री आला तो असाच असावा. म्हणून कमी दाबाचा उल्लेख आहे का, हे रोज बघा.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, कालचा नक्की वाचा. पुढच्या तीन तासांचा इशारा हवामान खातं वेगळा देतं. विजेसाठी दामिनी ॲप घ्या. टोळी रानात असताना ते चालू ठेवाच, कारण पाऊस आला की माणसं झाडाखाली पळतात आणि वीज तिथेच घात करते.

बांधावरून (रेणापूर)

मी ३० वर्षं सोयाबीन करतोय. ताई, उभ्या सोयाबीनवर सर पडली तर ऊन पडल्यावर ते सुकतं. आडव्या पडलेल्याला तीच सर खाते, कारण खालची बाजू मातीला चिकटून राहते. तुमचं नुकसान काढण्यानं झालं नाही, पसरून ठेवण्यानं झालं.

माळाचं काढा. ओढ्याकाठचं राहू द्या. पण टोळीला आधीच सांगा, की दुपारी एकला विळा थांबवायचा आणि काढलेलं सगळं गोळा करूनच घरी जायचं. बनीम, म्हणजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग, माळाच्या उंचवट्यावर लावा, खाली तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) अंथरा, वर निमुळती करा. ताडपत्री बुडापर्यंत ओढून दगड ठेवा, भोवती चर मारा. ऊन असलं की ताडपत्री उघडायची, दुपारी झाकायची. ओलसर माल झाकून ठेवला तर आतून तापतो, दाणा खराब होतो.

कोरडवाहू (निलंगा)

माझं मत वेगळं आहे. गुरुवारपासून कोरडं दिसतंय तर थांबा. मी थांबणार आहे.

बांधावरून (रेणापूर)

दादा, तुमच्याकडे माणसं असतील. ताईंना टोळी परत मिळणार नाही. वाळलेलं सोयाबीन ऑक्टोबरच्या उन्हात दहा दिवस उभं राहिलं तर शेंगा तडकून बरंच रानात सांडेल.

मृगधारा (औसा तालुका)

काका, सर, दोघांचेही आभार. ‘तुरळक’चा अर्थ इतकी वर्षं मी ‘थोडासा पाऊस’ असा धरत होते. कालचा सल्ला वाचला, कमी दाबाचा उल्लेख नाही. टोळीच्या मुकादमाशी बोलले. एकला थांबायला तयार आहेत, पण सहाला सुरुवात करतील, चहा रानात द्यायचा. सासूबाईंनी तुराट्या काढून ठेवल्यात.

मृगधारा (औसा तालुका)

गुरुवार, सकाळी. दोन एकर दोन दिवसांत निघालं, दोन्ही दिवस तीनच्या आत बनमीला लागलं. सोमवारी थेंब नाही, मंगळवारी फक्त गडगडाट. काल साडेपाचला आला, अर्धा तास, चांगला दणकून. पलीकडच्या गावात रस्तासुद्धा ओला नाही.

आत्ता ताडपत्री काढून हात आत घातला. कोरडं आहे, पण मधे थोडं कोमट लागलं, म्हणून उघडं करून बसलेय. हडंबा (मळणी यंत्र) शनिवारी येतोय. ओढ्याकाठी चिखल झालाय, वापसा आल्याशिवाय तिथे कुणाला पाय ठेवता येणार नाही. त्या एकरासाठी दोन-तीन माणसं कुणाच्या ओळखीत असतील तर कळवा.